मोर्चा, बंदूक आणि एकोणिसावे कलम

रंगो बापूजी गुप्ते यांचा इंग्रजांविरुद्धचा साताऱ्यातील कट फुटला आणि ८ सप्टेंबर १८५७ रोजी गेंडामाळावर सतरा जणांना देहदंड झाला. त्याच वर्षी सरकारने शस्त्रे नोंदवायला लावणारा कायदा आणला. मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेडरांनी हत्यारे द्यायचे नाकारले, तेव्हा त्यांच्या गावावर फौज चालून गेली. लॉर्ड लिटनच्या १८७८ च्या कायद्याने तर भेद उघडच केला. हिंदी माणसाला परवाना सक्तीचा झाला आणि युरोपियनाला त्यातून सूट मिळाली. हा अपमान काँग्रेस विसरली नाही. १९३१ च्या कराची ठरावातील मूलभूत हक्कांत, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही नोंदला गेला.

पण ‘चले जाव’ चळवळीत, १९४२ च्या सप्टेंबरात, सातारा जिल्हा रस्त्यावर आला, तो हत्याराविना. आजच्या सांगलीतले तासगाव, वाळवा, खानापूर हे तालुके तेव्हा साताऱ्यातच होते. ३ सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर हजारोंचा मोर्चा गेला, तिरंगा चढला आणि मामलेदारांना गांधी टोपी घालावी लागली. सहा दिवसांनी वडूजला तसाच मोर्चा निघाला. तिथे पोलिसांनी गोळ्या झाडल्या. हातात झेंडा घेऊन पुढे चाललेले वडगावचे परशुराम घार्गे आणि त्यांचे सोबती पडले.

त्यानंतरच तुफान सेना हे भूमिगतांचे सशस्त्र दल उभे राहिले, हा क्रम महत्त्वाचा आहे. २४ जुलै १९४३ रोजी वसंतदादा पाटील आणि त्यांच्या साथीदारांनी सांगलीच्या तुरुंगात पहारेकऱ्यांच्या बंदुका ताब्यात घेतल्या आणि तटावरून उड्या टाकल्या. नाना पाटलांच्या प्रतिसरकारमधील, म्हणजे इंग्रजी राजवटीला समांतर चालवलेल्या सरकारमधील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी यांच्या तरुणांनी शेणोलीजवळ रेल्वे अडवून पगाराची रक्कम लुटली, १९४४ मध्ये धुळ्याचा सरकारी खजिना लुटला. बंदुका लागत होत्या आणि त्या मिळवण्यासाठी पैसा लागत होता. शस्त्र हाती घेण्याचे कारण त्यांच्याइतके पक्के क्वचितच कुणाकडे असेल.

डिसेंबर १९४८ मध्ये शस्त्राच्या हक्काचा प्रश्न संविधान सभेत आला. मध्य प्रांत-वऱ्हाडाचे प्रतिनिधी ह. वि. कामत यांनी कराची ठरावाची आठवण देत दुरुस्ती मांडली: शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा. उत्तर द्यायला उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर, ज्यांचे नाव ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात दाखल झाले होते. काँग्रेसने हा हक्क मागितला होता, हे त्यांनी मान्य केले. मात्र चोराचिलटालाही पिस्तूल बाळगण्याचा हक्क द्यायचा काय, असा त्यांचा प्रश्न होता. गरज पडल्यास देशासाठी शस्त्र उचलणे हे कर्तव्य ठरेल, पण व्यक्तीचा मूलभूत हक्क नव्हे, असा त्यांचा रोख होता. दुरुस्ती फेटाळली गेली.

अमेरिकेच्या घटनेत १७९१ पासून शस्त्र बाळगण्याच्या हक्काची दुसरी दुरुस्ती आहे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली हेलर खटल्यात तिचा अर्थ व्यक्तिगत हक्क असा लावला. आपल्याकडे कलम १९(१)(ख) मध्ये शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क आहे. आंबेडकरांचा निर्णय बरोबर होता. तासगाव-वडूजच्या माणसांची मूळ मागणी बंदुकीची नव्हतीच. हत्यार न घेता कचेरीसमोर उभे राहिल्यावर गोळी खावी लागू नये, एवढीच होती. आणि ती घटनेत आली.

बंदूक मात्र परवान्याचीच बाब राहिली. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने १८७८ चा कायदा रद्द केला. साताऱ्यात किंवा सांगलीत आज कुणाला बंदूक हवी असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करावा लागतो, पोलिसांची चौकशी होते. निवडणूक आली की अनेक परवानाधारकांना ती पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. २०१९ च्या दुरुस्तीपासून एका परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात.