नऊ महिन्यांचे सात दिवस

1942च्या ऑगस्टमध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या पुढाऱ्यांना पकडून अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यात ठेवलं, तेव्हा जवाहरलाल नेहरूंनी तिथे बाग करायला घेतली. जमीन दगडगोट्यांची, जुन्या बांधकामांच्या राडारोड्यानं भरलेली. तरी भर उन्हात तासन्‌तास खणून आपण फुलांचे वाफे केले, असं त्यांनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’त लिहून ठेवलं आहे. हे पुस्तकही त्याच किल्ल्यात लिहिलेलं. कुदळ हातात घ्यायची सक्ती त्यांच्यावर कुणी केलेली नव्हती. 1958 साली मात्र हेच नेहरू पंतप्रधान या नात्यानं मुख्यमंत्र्यांना पत्रातून सुचवतात की, पदवी मिळण्याआधी विद्यार्थ्यानं समाजसेवा केलेली असावी, अशी अटच घालता येईल. शिक्षण मंत्रालयाला त्यांनी योजना आखायला सांगितलं. ती आखायचं काम आलं चिंतामणराव देशमुखांकडे.

महाडजवळच्या नाते गावचे चिंतामणराव म्हणजे आयसीएस, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, देशाचे अर्थमंत्री, आणि ‘मेघदूता’चे मराठी अनुवादकसुद्धा. 1952ची पहिली लोकसभा त्यांनी काँग्रेसच्या तिकिटावर कुलाब्यातून लढवली आणि जिंकली. 1956 साली मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडलं आणि मराठी माणसाच्या मनात कायमची जागा मिळवली. त्या राजीनाम्यावर आपल्याकडे भरपूर लिहिलं गेलं आहे. त्यांच्या राष्ट्रीय सेवेच्या अहवालाची मात्र कुणाला आठवण नसते.

खरं तर कल्पना त्यांना नवी नव्हती. 1950 साली नियोजन आयोग नेमला गेला तेव्हाच ते त्याचे सदस्य होते, आणि पहिल्या पंचवार्षिक योजनेतच विद्यार्थ्यांनी वर्षभर श्रमसेवा करावी असा विचार मांडलेला होता. 1959च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तेव्हा ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. समितीची शिफारस रोखठोक होती. शाळा संपवून कॉलेजात जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येकानं नऊ महिने ते एक वर्ष राष्ट्रीय सेवा केलीच पाहिजे. थोडं लष्करी शिक्षण, समाजसेवा, अंगमेहनत आणि सामान्य शिक्षण, असा एकूण कार्यक्रम.

यातली ‘कॉलेजात जाऊ इच्छिणाऱ्या’ ही अट नीट पाहण्यासारखी आहे. 1961च्या जनगणनेत देशातले साक्षरच सुमारे 28 टक्के भरले. कॉलेजपर्यंत पोचणारे किती असतील, याचा अंदाज करावा. म्हणजे ‘देशाची तरुणाई’ म्हणताना समितीसमोर होती ती एक पातळ साय. पारनेर-पाथर्डीच्या कोरडवाहू शिवारात जो मुलगा बारा महिने अंगमेहनतच करत होता, त्याला सेवा शिकवायची गरज नव्हती. गरज होती ज्यानं कधी घमेलं उचललं नाही त्याला. मला तरी हा विचार त्या अहवालातला सगळ्यात न्याय्य भाग वाटतो. सरकारी पैशानं शिकणाऱ्यानं आधी थोडी परतफेड करावी, इतकंच त्याचं म्हणणं.

पण सक्तीची सेवा या शब्दांना आपल्या गावगाड्यात वेगळाच वास आहे. वेठ म्हणजे सक्तीची सेवाच. महार वतनाच्या नावाखाली गावची आणि सरकारची कामं रात्री-अपरात्री करावी लागत, आणि ते मोडण्यासाठी डॉ. आंबेडकरांनी 1928 सालीच मुंबईच्या विधिमंडळात विधेयक आणलं होतं. ही कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा व्हायला 1958 उजाडलं. म्हणजे गावात एक सक्ती कायद्यानं जात होती, त्याच सुमाराला दिल्लीत दुसरीचा आराखडा तयार होत होता. घटनेत या दोन्हींना जागा आहे. कलम 23चा पहिला भाग वेठबिगारीला बंदी घालतो. दुसरा भाग सार्वजनिक कामासाठी सक्तीची सेवा लादायची मुभा राज्याला देतो, मात्र त्यात धर्म, वंश, जात वा वर्ग यांवरून भेद करायचा नाही. गावगाड्यातली वेठ ज्यांच्या वाट्याला कधी आली नाही, त्यांच्या मुलांच्याही हातात नऊ महिने कुदळ द्यायला घटनेची आडकाठी नव्हती.

आडकाठी पैशाची होती. खर्च परवडणार नाही आणि अंमलबजावणी अवघड आहे, म्हणून शिफारस बाजूला पडली. मग के. जी. सैयदैन यांना इतर देशांतले प्रयोग पाहायला पाठवलं गेलं. ते परतले आणि 1960 साली म्हणाले, सेवा ऐच्छिक असावी, बंधनं शक्य तेवढी कमी असावीत. पुढे कोठारी आयोगानं शिक्षणाच्या प्रत्येक टप्प्यावर काही ना काही समाजसेवा असावी असं सांगितलं. मूळ नऊ महिने एव्हाना कुठल्याच कागदावर उरले नव्हते.

सक्ती आली, पण भलत्याच वाटेनं. चीनशी युद्ध झाल्यावर 1963 साली एनसीसी कॉलेजांत सक्तीची झाली. चिंतामणराव तेव्हा दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. त्यांच्या आराखड्यातलं लष्करी शिक्षण तेवढं उचललं गेलं, अंगमेहनत आणि समाजसेवा मागे राहिली. 1968 साली तीही सक्ती उठली. त्याआधीच, 1967 साली, राज्यांच्या शिक्षणमंत्र्यांनी तोडगा काढला होता की, ज्याला एनसीसी नको त्याच्यासाठी ‘राष्ट्रीय सेवा योजना’ नावाचा पर्याय असावा, आणि चांगल्या खेळाडूंना दोन्हींतून सूट असावी.

मग आलं 1969. राष्ट्रपतिपदाच्या गाजलेल्या निवडणुकीत व्ही. व्ही. गिरी आणि नीलम संजीव रेड्डी यांच्यासमोर स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांचे उमेदवार म्हणून चिंतामणराव उभे राहिले. स्वतंत्र पक्षाची सगळी हयात सरकारनं लोकांच्या आयुष्यात लुडबूड करू नये हे सांगण्यात गेली, आणि त्यांनी उमेदवार निवडला तो दहा वर्षांपूर्वी सक्तीच्या सेवेची शिफारस करणारा. मतदान 16 ऑगस्टला झालं. पहिल्या पसंतीच्या मतांचं मूल्य गिरींचं 4,01,515, रेड्डींचं 3,13,548 आणि देशमुखांचं 1,12,769. त्यानंतर एकोणचाळीस दिवसांनी, 24 सप्टेंबरला, शिक्षणमंत्री व्ही. के. आर. व्ही. राव यांनी 37 विद्यापीठांत राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. पहिल्या वर्षी विद्यार्थी 40,000.

योजनेची खरी परीक्षा लगेच झाली. 1972च्या दुष्काळात नगर जिल्हा होरपळून निघाला. 1973 साली सेवा योजनेनं दुष्काळाविरुद्ध तरुणांची शिबिरं भरवली. हेतू चांगला होता, मुलंही मनापासून राबली असतील. पण त्याच उन्हात दुष्काळी कामांवर खडी फोडणारी, मातीची घमेली वाहणारी मुलं-मुली वयानं त्यांच्याएवढीच होती. त्यांना कुणी स्वयंसेवक म्हणत नव्हतं. शिबिर संपल्यावर एक कॉलेजात परतला, दुसरा दुसऱ्या दिवशी पुन्हा हजेरीपटावर. देशमुख समितीच्या हिशेबात हे दोघे नऊ महिने एकाच पातळीवर आले असते. प्रत्यक्षात आज स्वयंसेवकाच्या वाट्याला वर्षाला 120 तास आणि दोन वर्षांत सात दिवसांचं एक विशेष शिबिर येतं. आपल्याकडच्या कॉलेजांत त्याला ‘श्रमसंस्कार शिबिर’ म्हणतात. दत्तक गावातल्या देवळात किंवा शाळेत मुक्काम, सकाळी प्रभातफेरी, मग श्रमदान, संध्याकाळी व्याख्यान. अशा शिबिरातून बांधलेले बंधारे पाण्यानं भरतात, तेव्हा त्यांची चेष्टा करावीशी वाटत नाही. पण सवलतीच्या गुणांसाठी नाव घालणारेही त्यात असतात, हे शिक्षकांनाही माहीत असतं.

चिंतामणरावांच्या कार्यक्रमातला लष्करी भाग 2022 साली वेगळ्या रूपात परत आला. 14 जूनला ‘अग्निपथ’ जाहीर झाली: चार वर्षांची नोकरी, त्यानंतर कायम होणार फक्त 25 टक्क्यांपर्यंत. देशभर मुलं रस्त्यावर आली आणि दोनच दिवसांत सरकारनं त्या वर्षापुरती वयाची मर्यादा 21वरून 23 केली. 2024च्या लोकसभेला काँग्रेसच्या जाहीरनाम्यात ही योजना रद्द करण्याचं आश्वासन होतं. नगरला रणगाडा दलाचं आणि यांत्रिकी पायदळाचं प्रशिक्षण केंद्र आहे, अग्निवीर तिथेच तयार होतात. भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावणारी मुलं जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याला दिसतील. त्यांच्यावर सक्ती कुणी करत नाही. चार वर्षांनंतर आपल्याला ठेवून घेतील का, एवढंच ती विचारत असतात.