खिळ्यांवरची दोन पाती

बोईसरला मामाच्या शेडमध्ये भिंतीवर दोन खिळे आहेत. एकावर लाकडाचं पातं लटकतं, दुसऱ्यावर अ‍ॅल्युमिनियमचं. मशीन एकच. दुसरा खिळा नंतरचा, आणि तो का ठोकला हे मामाच्या डाव्या मनगटावरचा वण सांगतो.

आमचं घर सुतारांचं. आजोबा हातकरवतीने सागवानी चौकटी करायचे. 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, पुढे बोईसर-तारापूरला कारखाने आले. 1969 मध्ये तारापूरचं अणुवीजकेंद्र सुरू झालं. वस्ती वाढली, इमारती उठल्या, आणि आजोबांना खिडक्यांची कामं पुरेनात. मामाच्या काळात मात्र लोक सागवान मागेनासे झाले. त्यांना हवी होती अ‍ॅल्युमिनियमची स्लायडिंग. ती वाळवीला भीत नाही, पावसात फुगत नाही. मामापुढे दोनच वाटा होत्या: धंदा बंद करणं, नाहीतर लाकडाच्या मशीनवर धातू कापायला शिकणं.

या हत्याराची गोष्टही गमतीची आहे. अमेरिकेत एडमंड मिशेल यांनी ऊसतोडणी मजुरांना कोयता चालवून दमताना पाहिलं, आणि मोटरवर चालणाऱ्या कोयत्याचा विचार सुरू केला. त्यातून 1924 च्या सुमारास हातात धरायची विजेची गोल करवत आली. म्हणजे हे यंत्र उसाच्या फडात सुचलं आणि लाकडावर रुळलं. धातू त्याच्या नशिबात नंतर आला. त्याला दोन शोधांची मदत झाली. 1886 मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये एरू यांनी, एकमेकांना न कळता, विजेच्या साहाय्याने अ‍ॅल्युमिनियम स्वस्तात काढायची रीत शोधली. मग 1920 च्या दशकात जर्मनीत क्रुपने टंगस्टन कार्बाइड 'विडिया' या नावाने बाजारात आणलं. नावाचा अर्थ 'हिऱ्यासारखं'. आज प्रत्येक टीसीटी पात्याच्या टोकाला हेच बसवलेलं असतं.

म्हणून मामाला वाटलं, एवढं कठीण पातं आहे, तर मऊ अ‍ॅल्युमिनियम काय, सहज कापेल. कापलंही, आठवडाभर. मी तेव्हा सातवीत होतो. एका दुपारी दातांनी सेक्शन ओढून घेतला आणि तुकडा उडून मनगटावर बसला. टाके पडले. चूक कडकपणाची नव्हती, कोनाची होती. लाकूड चिरायच्या पात्याचे दात पुढे झुकलेले असतात, ते माल आत खेचतात. लाकूड तेवढं सोसतं. अ‍ॅल्युमिनियम चिकट, ते दातांत अडकतं आणि फेकलं जातं. धातूच्या पात्याचे दात थोडे मागे कललेले आणि संख्येने जास्त असतात, त्यामुळे प्रत्येक दात थोडं थोडंच खरवडतो. वर माल शिकंजात आवळायचा, पात्याला मेण लावायचं, डोळ्यांवर चष्मा घालायचा. हे मामाला कुणी शिकवलं नव्हतं. वण पडल्यावर कळलं. मग त्याने धातूचं पातं आणलं आणि दुसरा खिळा ठोकला.

आणखी एक गोष्ट तो पाळतो: सेक्शन कापायच्या आधी मशीनची पिशवी झटकून रिकामी करतो. लाकडाचा भुसा आणि अ‍ॅल्युमिनियमची गरम कीस एका पिशवीत साठली की आगीला निमंत्रणच.

1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा झाला. दुकानांच्या पाट्यांवरचं 'जि. ठाणे' बदलायचं होतं. मामाकडे अ‍ॅक्रिलिकच्या अक्षरांची कामं आली. 'पा' कापायला घेतला आणि जिगसॉच्या पात्यामागे प्लास्टिक वितळून पुन्हा जुळलं! लाकूड तापलं तर जळतं, अ‍ॅक्रिलिक मऊ होऊन चिकटतं. वेग कमी केला, वरचा कागद तसाच ठेवला, मध्ये मध्ये थांबून पातं थंड होऊ दिलं. तिसऱ्या प्रयत्नात 'पा' आला.

परवा मी विचारलं, "मामा, तू सुतार की फॅब्रिकेटर?"

"काय कापायचंय ते आधी सांग," म्हणाला, आणि भिंतीकडे हात नेला.