जीवाणू पेशीची रचना

जीवाणू पेशी : केंद्रकपटल नसलेली, एकटीच पूर्ण जीव असणारी पेशी. लांबी बहुधा 0.5 ते 5 मायक्रोमीटर. आकार गोल, दंडाकार किंवा सर्पिल. तंतुकणिका किंवा हरितलवकासारखी पटलवेष्टित अंगके तिच्यात नसतात. श्वसन आणि पोषकद्रव्यांची ने-आण ही कामे मुख्यतः पेशीपटलच पार पाडते.

पेशीभित्तिका : बहुतेक जीवाणूंमध्ये पेशीपटलाबाहेर पेप्टिडोग्लायकनची भित्तिका असते. शर्करांच्या साखळ्या आणि त्यांना जोडणारे अमिनो आम्लांचे दुवे असे हे जाळे असते. पेशीत पाणी शिरून दाब वाढला तरी ते तिला फुटू देत नाही. हान्स क्रिश्चन ग्राम यांनी 1884 मध्ये प्रसिद्ध केलेल्या रंजनपद्धतीत जाड भित्तिका जांभळा रंग धरून ठेवते (ग्रामधन). पातळ भित्तिका आणि तिच्याबाहेर आणखी एक पटल असलेल्या पेशी जोडरंगाने गुलाबी दिसतात (ग्रामऋण). मायकोप्लाझ्मा गटाला भित्तिकाच नसते. पेनिसिलिन भित्तिकेची बांधणी रोखते. मानवी पेशींना भित्तिका नसल्याने त्यांना या परिणामाची झळ लागत नाही.

अंतर्भाग : पेशीद्रव्यातील केंद्रकाभ भागात बहुधा एकच वर्तुळाकार गुणसूत्र असते. ई. कोलायच्या गुणसूत्रात सुमारे 46 लाख बेसजोड्या असतात. हे गुणसूत्र उलगडले तर सुमारे दीड मिलिमीटर भरेल. ते जेमतेम दोन मायक्रोमीटर लांबीच्या पेशीत पीळ घालून बसवलेले असते. प्लाझ्मिड ही डीएनएची लहान वेगळी वर्तुळे असून प्रतिजैविकांना दाद न देण्याची क्षमता देणारी जनुके अनेकदा त्यांच्यावरच असतात. प्रथिने 70एस रायबोसोमांवर तयार होतात.

उपांगे व आवरणे : कशाभिका पेशीला हालचाल देतात, पिली तिला पृष्ठभागाला चिकटायला मदत करतात आणि संपुटिका संरक्षण करते. बॅसिलस व क्लोस्ट्रिडियम प्रजाती प्रतिकूल काळात अंतर्बीजाणू तयार करतात.

मिठागरातील पेशी : पटल आणि भित्तिकेचे महत्त्व भाईंदरच्या मिठागरांवरून नीट समजते. वसई खाडीच्या काठी भरतीचे पाणी वाफ्यांत घेऊन उन्हात आटवतात. समुद्राच्या पाण्यात सुमारे 3.5 टक्के क्षार असतात. मीठ धरू लागते तेव्हा हे प्रमाण 25 टक्क्यांच्या वर गेलेले असते. एवढ्या खारात सामान्य जीवाणूच्या पेशीतले पाणी बाहेर ओढले जाते आणि पेशीद्रव्य आकसून भित्तिकेपासून सुटते. खारवलेली मासळी टिकते ती मुख्यतः यामुळेच.

तरीही दाट मिठवणी निर्जीव नसते. सॅलिनिबॅक्टर रुबर हा तांबडा जीवाणू पेशीत पोटॅशियमचा मोठा साठा ठेवून बाहेरच्या खाराशी तोल राखतो. स्पेनमधील मिठागरांतून मिळालेल्या या जातीचे वर्णन 2002 मध्ये झाले. मिठागरांच्या पाण्याला लालसर छटा आणणारा हॅलोबॅक्टेरियम मात्र नावाने जीवाणू असला, तरी आर्किया या वेगळ्या अधिक्षेत्रातला आहे. त्याच्या भित्तिकेत पेप्टिडोग्लायकन नसते, तर ग्लायकोप्रथिनांचा थर असतो. हा थर टिकण्यासाठी भरपूर मीठ लागते, म्हणून गोड्या पाण्यात ही पेशी फुटते. गोव्यातील रायबंदरच्या मिठागरातूनही मीठप्रिय आर्किया वेगळे केले गेले आहेत. सूक्ष्मदर्शकाखाली जीवाणू आणि आर्किया हे दोन्ही गट बहुधा सारखेच दिसत असल्याने वर्गीकरणासाठी केवळ आकार पुरेसा नसतो. भित्तिका, पटलातील मेद आणि रायबोसोमी आरएनए तपासावे लागतात.