बोलक्या माणसाची तेरवी

सातपुड्याच्या पायथ्याशी, संग्रामपूर तालुक्यात वसलेले सोनाळा संत सोनाजी महाराजांच्या नावाने ओळखले जाते. संताची आठवण ठेवायला संस्थान असते, यात्रा असते, ठरलेली तिथी असते. पण त्याच गावात जन्मभर ओसरीवर नाहीतर पारावर बसून चार माणसांना हसवणारा, लेकराबाळांत जीव गुंतलेला एखादा गृहस्थ गेला, तर मागे काय राहते? मृत्यूची नोंद, सातबाऱ्यावरचा फेरफार आणि वर्तमानपत्रातल्या तीन ओळी: मनमिळाऊ, हसतमुख, पश्चात मोठा आप्तपरिवार. यातले एकही विशेषण खोटे नसते, तरी त्यातून तो माणूस ओळखू येत नाही, कारण त्याच ओळी शेजारच्या निधनवार्तेतही छापलेल्या असतात. ज्याची सगळी कमाई बोलण्यात होती, त्याची आठवण त्याच्या बोलण्यातच ठेवावी लागते. ती कशी ठेवायची, हे वऱ्हाडाला बाहेरून शिकण्याची गरज नाही. ती रीत इथेच, तेराव्या शतकात घडली.

त्याआधी महाराष्ट्रात मेलेल्याची खूण दगडावर ठेवत. वीरगळ पाहा: खालच्या चौकटीत लढाई आणि मरण, मधे अप्सरा वीराला वर नेताहेत, सर्वांत वर तो शिवपूजेत. शिल्प कितीही देखणे असो, त्यात माणसाचे मरण उरते, जगणे उरत नाही. तो हसायचा कसा, बायकोशी काय बोलायचा, हे दगड सांगत नाही. अमरावती जिल्ह्यातल्या ऋद्धिपुरात, महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या वियोगानंतर, त्यांचे शिष्य म्हाइंभट यांनी वेगळा मार्ग धरला. नागदेवाचार्यांच्या देखरेखीखाली, ज्यांनी स्वामींना पाहिले आणि ऐकले होते त्यांना गाठून त्यांनी एकेक प्रसंग टिपला. साधारण 1278 च्या सुमारास त्यातून ‘लीळाचरित्र’ उभे राहिले. मराठी गद्यातला हा पहिला मोठा ग्रंथ म्हणजे गेलेल्या माणसाच्या आठवणींचा संग्रह आहे, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. त्यात तत्त्वज्ञान आहे, तसेच कोणी काय विचारले, काय उत्तर मिळाले, जेवायला काय होते, कोण कशावरून रुसले, हेही आहे. म्हाइंभटांनी स्तुतीवर भागवले नाही. प्रसंग आणि संवाद सांगितले, म्हणून साडेसातशे वर्षांनीही माणूस समोर येतो.

यावर कोणी म्हणेल, महानुभावांनी देवाची आठवण ठेवली, तिचा गावच्या गृहस्थाशी काय संबंध? श्रद्धेच्या बाबतीत हा आक्षेप बरोबर आहे. पण रीत श्रद्धेपुरती बांधलेली नसते. म्हाइंभटांनीच चक्रधरांचे गुरू गोविंदप्रभू यांचेही चरित्र रचले. गोविंदप्रभू ऋद्धिपुरातच राहिले. ते मुलांत खेळत, कोणाच्याही घरात शिरत, लोकांशी भांडत. एकदा त्यांना स्वतःचे लग्न मांडण्याची लहर आली, तेव्हा पंथातल्या महदाइसेने त्यासाठी धवळे, म्हणजे लग्नगीते, रचले. गाव त्यांना माय आणि बाप म्हणत असे. एका गावाला हसवणाऱ्या आणि जीव लावणाऱ्या माणसाची नोंद याहून जवळची कुठे सापडणार? पुढे गृहस्थाश्रमातला पुरावाही मिळतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक 1919 मध्ये वारले. 1934 पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या ‘स्मृतिचित्रे’त त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्यांचा तापटपणा लपवला नाही, हातात पैसा न टिकण्याची खोड लपवली नाही, घर सोडून निघून जाणेही लपवले नाही. तरीही, खरे तर म्हणूनच, टिळकांचे प्रेम वाचकाला पटते.

दुसरा आक्षेप अधिक जिव्हारीचा आहे: तेरवीच्या मांडवात हसणे म्हणजे गेलेल्याचा अनादर नव्हे का? दुःख नसताना केलेली थट्टा अनादरच ठरते. पण ज्याने हसवण्यातूनच आपले प्रेम पोचवले, त्याची गोष्ट रडवेल्या सुरात सांगितली तर ती दुसऱ्याच कोणाची तरी होऊन बसते. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना हसू आणि हुंदका एकाच पानावर येतात, त्यात टिळकांचा मान कुठे कमी होतो? आठवणीचा भरवसा किती, हा प्रश्न त्याहून अवघड. सांगणारा सजवून सांगतो, दोघांच्या सांगण्यात फरक पडतो. महानुभावांना याची जाण होती. एकाच लीळेच्या निरनिराळ्या आठवणी त्यांनी सांगणाऱ्याच्या नावासह शेजारी शेजारी राहू दिल्या. सोनाळ्यातल्या एखाद्या घरी थोरल्या लेकाला बाप एका तऱ्हेने आठवत असेल आणि धाकट्या लेकीला दुसऱ्या, तर दोघांचेही लिहून ठेवावे, त्यांच्याच वऱ्हाडी बोलीत. ती पुस्तकी मराठीत धुऊन काढली की बापाचा विनोद सर्वांत आधी जातो.

आणि विचारायचे कोणाला, हेही या इतिहासात दिसते. परंपरा सांगते की लीळाचरित्राची मूळ प्रत एका स्वारीच्या धामधुमीत नष्ट झाली, तेव्हा पंथातल्या हिराइसेच्या पाठांतरातून ग्रंथ पुन्हा उभा राहिला. धवळे महदाइसेचे, स्मृतिचित्रे लक्ष्मीबाईंची. रमाबाई रानड्यांनीही पतीच्या निधनानंतर 1910 मध्ये ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ प्रसिद्ध केल्या. तेरवीच्या मांडवात मात्र माईक पुरुषांच्याच हाती फिरतो. सरपंच, सोयरे, एखादे गुरुजी दोन शब्द बोलतात आणि पुन्हा तीच विशेषणे ऐकू येतात. ज्या बाईने त्या माणसाचे बोलणे चाळीस-पन्नास वर्षे रोज ऐकले, ती आत बसलेली असते आणि तिला कोणी विचारत नाही.