शुगर : लॅपटॉप गेला, प्रणाली उरली

आपल्या वेळी संगणक कक्षात चपला बाहेर काढून जायचे आणि एका यंत्रापुढे तिघांनी दाटीवाटीने बसायचे. म्हणून २००७ मध्ये रायगड जिल्ह्यातल्या खैरातच्या एकशिक्षकी शाळेत प्रत्येक मुलाला स्वतःचा लॅपटॉप मिळाला, हे वाचून मला हेवाच वाटला. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ची ती चाचणी होती. प्रकल्प निकोलस नेग्रोपोंटे यांचा. शंभर डॉलरचा लॅपटॉप ही त्याची घोषणा. (ती किंमत काही साधली नाही.) केंद्र सरकारने तर २००६ मध्येच त्याला नकार दिला होता.

मला मात्र त्या हिरव्या-पांढऱ्या यंत्रापेक्षा आतली ‘शुगर’ ही प्रणाली मोलाची वाटते. तिच्यात फाइली शोधत बसायला नको. मुलाने जे केले ते आपोआप ‘जर्नल’मध्ये, रोजनिशीसारखे, साठत जाई. मूळ कोड उघडून पाहण्यासाठी कळफलकावर चक्क वेगळी कळ होती! मुलांवर एवढा विश्वास टाकलेला मी तरी दुसरीकडे पाहिला नाही.

२००८ मध्ये त्याच लॅपटॉपवर विंडोज आणायचा घाट घातला गेला. त्या सुमारास वॉल्टर बेंडर प्रकल्पातून बाहेर पडले आणि त्यांनी सहकाऱ्यांसह ‘शुगर लॅब्स’ उभी केली. कोड खुला, त्यामुळे कोणाची परवानगी लागली नाही. पुढे स्वयंसेवकच दुरुस्त्या आणि भाषांतरे करत राहिले, मराठीतही. २००९ पासून शुगर पेन ड्राइव्हवरून साध्या संगणकावर चालू लागली. ते लॅपटॉप आता बनत नाहीत. शुगर आजही फुकट मिळते.