रंगभूमीने घडविलेले स्त्रीरूप

सन १८४३ मध्ये सांगलीस विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, तेव्हा त्यातील स्त्रीभूमिका पुरुषांनीच केल्या आणि त्याचे कोणासही नवल वाटले नाही. घरंदाज स्त्रीने चारचौघांपुढे नाचावे-गावे, ही कल्पनाच त्या समाजाला असह्य होती. पुढे तमाशाच्या फडात स्त्रिया उभ्या राहिल्या. पण त्यांच्या जातीवर आणि शीलावर समाजाने आधीच शिक्का मारून ठेवला होता. स्त्रीचे सोंग घेणारा नट सन्मानास पात्र ठरे, स्वतः रंगमंचावर येणारी स्त्री मात्र बदनाम होई. मराठी रंगभूमीच्या वैभवकाळाचा पाया या विसंगतीवर उभा होता.

या परंपरेचे शिखर म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व. १९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत आले आणि १९१३ साली त्यांनी गंधर्व नाटक मंडळी स्थापिली. १९११ मधील ‘मानापमाना’तील भामिनी, १९१६ मधील ‘स्वयंवरा’तील रुक्मिणी आणि १९१९ मधील ‘एकच प्याला’तील सिंधू या त्यांच्या भूमिका घराघरांत बोलल्या जाऊ लागल्या. त्यांचा शालू, नथ, केसांतील गजरा, मान वेळावण्याची लकब यांचे अनुकरण प्रतिष्ठित घरांतील स्त्रिया करू लागल्या. स्त्रीने स्त्रीसारखे कसे दिसावे, हे ती एका पुरुषाकडून शिकत होती!

हा प्रभाव केवळ वस्त्राभरणांपुरता नव्हता. नाटक लिहिणारा पुरुष, साकारणारा पुरुष आणि त्यास मान्यता देणाराही मुख्यतः पुरुषवर्गच. त्यामुळे पुरुषाच्या मनातील स्त्री रंगमंचावरून घरात येई आणि तेथे आदर्श होऊन बसे. मद्यपी पतीचे अत्याचार सोसूनही त्याच्यावरील निष्ठा न ढळू देणारी सिंधू प्रेक्षकांना रडवून गेली. पण त्या अश्रूंबरोबर सोसण्याचे माहात्म्यही मनात रुजले. शालूच्या घड्यांबरोबर पातिव्रत्याची घडीही बसविली गेली, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

चित्रपटाने हे चित्र बदलावयास आरंभ केला. दादासाहेब फाळक्यांना १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’साठी स्त्री मिळाली नाही, तारामती अण्णा साळुंके यांनी साकारली. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये मात्र दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई पडद्यावर आल्या. १९३२ साली प्रभातच्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये सुशिक्षित, सधन घराण्यातील दुर्गा खोटे यांनी तारामती केली, तर १९३३ साली ‘आंधळ्यांची शाळा’ या नाटकात ज्योत्स्ना भोळे रंगमंचावर आल्या. १९३७ च्या ‘कुंकू’त शांता आपटे यांची नीरा वृद्धाशी लावलेले लग्न मनाने नाकारते. सिंधू सोसते, नीरा बोलते. या दोघींमध्ये केवळ अठरा वर्षांचे अंतर आहे.

प्रतिमेचा पाश कलावंतासही सुटला नाही. १९३५ साली ‘धर्मात्मा’ या चित्रपटात बालगंधर्वांनी एकनाथांची भूमिका केली, पण रसिकांना हवी होती ती भामिनी आणि रुक्मिणीच. उतारवयातही ते पुन्हा स्त्रीवेषाकडेच वळले. १९६७ साली ते निवर्तले, तेव्हाही त्यांचे नाव त्याच रूपाशी जोडलेले होते. दुसरीकडे, तमाशातील नाच्या स्त्रीसुलभ हावभाव करी, पण त्याच्या वाट्यास हशा आणि कुचेष्टाच आली. पुरुषाने स्त्रीरूप घेणे एका मांडवात कला ठरले, दुसऱ्यात थट्टेचा विषय. हा निवाडा रूपाचा नव्हता, प्रतिष्ठेचा होता.

एखादा पुरुष स्त्रीत्व इतके आत्मसात करतो की स्त्रियाच ते त्याच्याकडून उचलतात, तेव्हा चालणे, लाजणे, पदर सावरणे हे सारे जन्माने येत नसून सरावाने येते, हे उघड होते. मग त्या सरावाचे धडे कोण लिहितो, हाच खरा प्रश्न उरतो. रंगमंच गेला, रुपेरी पडदा आला, त्यामागून घरोघरी दूरचित्रवाणी आली. साधने बदलली, तरी तो प्रश्न प्रत्येक पिढीने नव्याने विचारावा लागतो.