चिनी परशूची तालीम

परशू हें आडदांडाचें हत्यार, असा समज खुद्द चीनमध्यें रूढ आहे. तेथील अठरा आयुधांच्या परंपरागत गणनेंत त्यास स्थान आहे. तरी खड्ग व भाला यांच्या मानानें तें शिकणारे थोडेच. वस्तुतः खड्गाचा तोल मुठीजवळ, तर परशूचा सारा भार टोंकाशीं. हुकलेला घाव सांवरण्यास मनगट पुरत नाहीं; कमर व पाय यांच्या बळावर तो फिरवून पुढच्या घावांत मिळवावा लागतो. यांत दांडगाईपेक्षां शिस्तच अधिक!

आन्यांग येथें १९७६ सालीं उघडलेल्या फू हाव राणीच्या थडग्यांत काशाचे दोन प्रचंड परशू निघाले. एकाचें वजन सुमारें नऊ किलो. असलें जड आयुध रणांत फिरविणार कोण? तें सत्तेचें चिन्ह होय. ही राणी मात्र स्वतः सैन्य चालवीत असे, हें त्या काळच्या अस्थिलेखांवरून दिसतें.

खरा रणपरशू पाहावयाचा तर ११४० सालच्या यानचेंगच्या लढाईंत. युए फेइच्या पायदळानें मोठे परशू व लांब पात्यांच्या तरवारी घेऊन जुर्चेन घोडदळास तोंड दिलें आणि घोड्यांचे पाय छाटले. घोड्यापुढें पाय न हलवितां उभें राहणें हें आडदांडाचें काम नव्हे.

लोकांना मात्र आठवतो चंग याओचिन. स्वप्नांत शिकलेल्या घावांपैकीं जागेपणीं त्याला तीनच आठवले, अशी कथा; आरंभशूरास चिनी लोक अजूनहि ‘त्याचे तीन घाव’ म्हणून हिणवितात. इतिहासांतला हा थांगकालीन सरदार ६६५ सालीं वारला, आणि जुन्या बखरी त्याची ख्याति सांगतात ती घोड्यावरील भाल्याची. परशू त्याच्या हातीं दिला तो मागाहूनच्या कथाकारांनीं.